आगगाडीचे कागद : लंडनचे आणि साताऱ्याचे

सातारा-सांगलीचा मुलूख हा कागद जमविणाऱ्यांचा मुलूख आहे. मिरजेच्या शाळेत शिकविता शिकविता वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दप्तरे उपसली आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे भाग सिद्ध करावयास घेतले. साताऱ्यास दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी पत्रे, चित्रे, नकाशे आणि पोथ्या यांचा एवढा मोठा संग्रह केला की तो पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलविला गेल्यावरही साताऱ्याचे नाव त्याला चिकटून राहिले. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ चा. त्याच्यामागेही वाईच्या एका घरातील रुमाल आहेत. या मंडळींनी किती वाड्यांचे माळे पाहिले, वाण्याच्या पुड्यांतून आणि वाळवीच्या तोंडून काय काय सोडविले, याच्या कथा मराठी वाचकाला पाठ आहेत.

मात्र या थोर संग्राहकांच्या नजरेला एक कुंपण होते. त्यांच्या लेखी इतिहास १८१८ ला, साताऱ्यापुरता फार तर १८४८ ला, संपत होता. मोडीत लिहिलेला, शिक्क्यामोर्तबाचा कागद हे साधन. छापील फॉर्म भरून दिलेला कागद ही रद्दी. ज्या माळ्यावरून पेशवाईतील पत्रांचा रुमाल खाली आला, त्याच माळ्यावर पुढील पिढीने ठेवलेली आगगाडीच्या मालाची पावती, विमा कंपनीचा करारनामा, गिरणीचा भाग-दाखला अशी बाडे पडलेली असत. त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही. यात दोष काढावा असे काही नाही. आपल्या डोळ्यांदेखत छापलेला कागद कोणालाच जुना वाटत नाही. पण आज त्या कागदांनाही शंभर-सव्वाशे वर्षे झाली. प्रस्तुत लेख त्यांच्याविषयी आहे.

जुने शेअर आणि कर्जरोखे जमविण्याच्या छंदाला युरोपात १९७० च्या दशकात स्वतंत्र नाव मिळाले आणि १९७८ मध्ये त्याची एक आंतरराष्ट्रीय संस्थाही स्थापन झाली. मराठीत त्याला रुळलेला शब्द नाही. आम्ही 'रोखेसंग्रह' म्हणतो. या छंदाचे आवडते खाद्य म्हणजे रेल्वेचे रोखे. एकोणिसाव्या शतकात इतके भांडवल दुसऱ्या कुठल्याच धंद्याने ओढले नाही, आणि इतक्या देखण्या कोरीव छपाईचे कागदही दुसऱ्या कुठल्या धंद्याने काढले नाहीत. त्यातले निम्मेअधिक कागद बुडीत खात्याचे आहेत, हे सांगावयास हवे. झारच्या रशियाने रेल्वेसाठी काढलेली कर्जे बोल्शेविकांनी १९१८ मध्ये नाकारली. त्या रोख्यांना जोडलेली व्याजाची कुपने, दर हप्त्याला एक कापून द्यावयाची, त्या वर्षापासून पुढे तशीच्या तशी शिल्लक असतात. व्याज कोणत्या दिवशी थांबले हे वाचावयास कात्रीने सोडलेली ती कडाच पुरे होते. चीनच्या हुकुआंग रेल्वेचे १९११ चे पाच टक्क्यांचे सुवर्णकर्ज असेच. ते काढण्यापायी झालेला असंतोष मांचू राजवट उलथण्याच्या कारणांत गणला जातो. आणि त्याच कर्जाचे रोखे घेऊन काही अमेरिकन धारकांनी १९७९ मध्ये चीनच्या सरकारवर फिर्यादही लावली. ती टिकली नाही. जगातला आज माहीत असलेला सर्वांत जुना भाग-दाखला डच ईस्ट इंडिया कंपनीचा, १६०६ चा. तो २०१० मध्ये होर्न येथील दप्तरखान्यात एका विद्यार्थ्याला सापडला. म्हणजे खरे-राजवाड्यांची जातकुळी तिकडेही आहेच.

आता घराकडे वळू. साताऱ्यावरून आणि मिरजेवरून जी आगगाडी धावली, तिचे रोखे कोठे आहेत?

ही गाडी सदर्न मराठा रेल्वेची. १८७६-७८ च्या दुष्काळात दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकात धान्य पोहोचविणे किती कठीण आहे हे दिसून आले आणि या भागात मीटरगेज मार्ग बांधण्याच्या विचाराला जोर चढला. कंपनी १८८२ मध्ये लंडनमध्ये स्थापन झाली. पुण्याहून वाठार, कोरेगाव, कराड, मिरज, बेळगाव असा लोंढ्याकडे जाणारा मार्ग त्या दशकाच्या उत्तरार्धात टप्प्याटप्प्याने उघडला. नाव 'मराठा', पण संचालक मंडळ लंडनचे, भागधारक विलायतेतले, हिशेब पौंडांत. त्यामुळे या कंपनीचे स्टॉक आणि कर्जरोखे शोधणाऱ्याला सातारच्या शनिवार-सोमवार पेठांत हिंडून काही लाभत नाही. ते मिळतात लंडनच्या लिलावांत, एखाद्या इंग्लिश पाद्र्याच्या किंवा निवृत्त कर्नलच्या वारसांनी विकावयास काढलेल्या पेटीत. ज्या जमिनीवरून रूळ गेले ती इथली, ज्यांनी भराव घातले आणि कृष्णेवर पूल उभारले ते हात इथले, गाडीत बसून भाडे भरणारे इथले. पण मालकीचा कागद इथल्या एकाही घरात नाही. आमच्या मते या भागाच्या आर्थिक इतिहासातले हे पहिले वाक्य आहे, आणि ते गैरहजेरीने लिहिलेले आहे.

त्या कागदावर असे काय होते की इंग्लिश मध्यमवर्गाने तो इतक्या विश्वासाने घ्यावा? हमी. ही रीत ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेपासूनची. १८४९ च्या कराराने त्या कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी देण्यात आली. रेल्वेचे उत्पन्न तेवढे झाले नाही तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे मुख्यत्वे शेतसाऱ्यातून, भरून द्यावयाची. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या गाडीचे वर्णन आपल्याकडे पाठ्यपुस्तकांतून सर्वांना परिचित आहे. तिच्या मागे असलेला हा करार मात्र क्वचितच कोणी शिकविते. सदर्न मराठाही सरकारी हमीच्याच कंपन्यांतली, फक्त अटी नंतरच्या काळातल्या आणि दर कमी. १९०० मध्ये सरकारने ग्रेट इंडियन पेनिन्शुला विकत घेतली तीही वार्षिक हप्त्यांच्या बोलीवर, आणि ते हप्ते १९४८ पर्यंत चालले. म्हणजे स्वराज्य आले त्या वर्षीही या देशाच्या खात्यावर एकोणिसाव्या शतकातल्या भागधारकांची किंमत चुकती होत होती.

हे सर्व त्या काळी कोणाच्या लक्षात आले नव्हते असे नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे प्रवर्तक गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, जन्माने साताऱ्याचे. त्यांच्या सभेच्या त्रैमासिकात दुसरे जोशी, गणेश व्यंकटेश, लिहीत. हे सरकारी शाळेतले शिक्षक; आणि १८८४ मध्ये, म्हणजे सदर्न मराठाचे काम चालू असतानाच, खुला व्यापार आणि रेल्वेचा विस्तार यांच्या आर्थिक परिणामांवर त्यांनी एक दीर्घ निबंध लिहिला. आगगाडी वाईट असे त्यांचे म्हणणे नाही. इथे कारखाने उभे राहण्यापूर्वी रेल्वे आली तर ती विलायती माल खेड्यापर्यंत पोहोचविण्याचे आणि कच्चा माल बंदरावर नेण्याचे साधन ठरते, कारागीर शेतीवर लोटला जातो, असा त्यांचा युक्तिवाद. दादाभाई आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या सावलीत हे नाव झाकले गेले आहे. मराठी निबंधाच्या इतिहासात इंग्रजीत लिहिलेले लेखन येत नाही, आणि अर्थशास्त्राच्या इतिहासात शाळामास्तर येत नाही. दोन्हींच्या मध्ये हा माणूस हरवला आहे. असो.

बार्शी लाइट रेल्वेची कथा थोडी निराळी, पण पत्ता तोच. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनियरने अडीच फूट रुंदीच्या रुळांवर, हलक्या डब्यांतही भरपूर भार नेता येतो हे सिद्ध करण्याच्या ईर्ष्येने ती काढली. कंपनी १८९५ मध्ये लंडनलाच नोंदविली. १८९७ मध्ये बार्शी ते बार्शी रोड, आजचे कुर्डुवाडी, एवढा तुकडा सुरू झाला. १९०६ मध्ये गाडी पंढरपुरास पोहोचली, १९११ मध्ये लातुरास, आणि १९२७ मध्ये सांगोला, कवठे महांकाळ या दुष्काळी पट्ट्यातून मिरजेस. तिच्या उतारूंत वारकरी हा फार मोठा वर्ग. आषाढी-कार्तिकीला टपावर बसून जाणाऱ्या माळकऱ्यांच्या भाड्यातून लंडनच्या भागधारकाला लाभांश मिळत असे, ही गोष्ट कोणा कादंबरीकाराला सुचली असती तर समीक्षकांनी तिला प्रतीकात्मक म्हणून हिणविले असते. कंपनी १ जानेवारी १९५४ रोजी भारत सरकारने घेतली. तिचे भाग-दाखले संग्राहकांत प्रिय आहेत, आणि तेही तिकडेच.

संस्थानांच्या रेल्वेचा मामला याहून वेगळा. कोल्हापूर ते मिरज हा मार्ग कोल्हापूर दरबारने स्वतःच्या पैशाने बांधला आणि तो १८९१ मध्ये सुरू झाला. मिरज-सांगली हा छोटा फाटा सांगली संस्थानचा, १९०७ चा. दोन्हीकडे मालकी दरबाराची, गाड्या चालविण्याचे काम कंपनीकडे. खजिन्यातून पैसा गेला म्हणून भाग विक्रीस काढण्याचे कारणच पडले नाही. सबब या दोन्ही रेल्वेंचा एकही शेअर संग्राहकाला कधी मिळणार नाही. शिल्लक आहे तो दरबारी पत्रव्यवहार. मुळात रूळ ज्या पट्ट्यावरून जात, तेवढ्या जमिनीवरचा अंमल संस्थानिकांना ब्रिटिश सरकारकडे सोपवावा लागे. मिरज, सांगली, औंध अशा गोधडीसारख्या तुकड्यांतून जाणारी आगगाडी म्हणजे एक लांबच लांब, काही फूट रुंद असा इंग्रजी मुलूख होता. त्याचे करारनामे हे आमच्या दृष्टीने कोणत्याही चित्रमय रोख्याइतकेच वाचनीय आहेत, पण त्यांना बाजार नाही.

रोखे लंडनला राहिले. मग साताऱ्याच्या वाट्याला कोणता कागद आला? तिकीट.

तिकीट ही वस्तू दिसते तितकी साधी नाही. टॉमस एडमंडसन या इंग्लिश स्टेशनमास्तरने १८३० च्या दशकाच्या अखेरीस जाड पुठ्ठ्याचे, क्रमांक छापलेले तिकीट आणि त्यावर तारीख उमटविणारे यंत्र योजिले. सुमारे सव्वादोन इंच लांब आणि सव्वा इंच रुंद असा तो तुकडा हिंदुस्थानात आला आणि संगणकाच्या छपाईने त्याला हटवीपर्यंत दीड शतक तसाच राहिला. क्रमांकामुळे स्टेशनमास्तरला दिवसाचा हिशेब लागे आणि कारकुनाला पैसे खाणे कठीण जाई. म्हणजे तिकिटाचा शोध प्रवाशासाठी लागलेला नाही, तो कारकुनावर नजर ठेवण्यासाठी लागलेला आहे. आमच्या भागातील तिकिटाचे वय ठरवावयाचे तर त्यावरील आद्याक्षरे पाहावीत. १९०८ पूर्वी एस. एम. आर.; त्या वर्षी मद्रास रेल्वेशी एकत्रीकरण झाल्यावर एम. अँड एस. एम., जिचे व्यवस्थापन सरकारने १९४४ मध्ये हाती घेतले. १९५१ नंतर दक्षिण रेल्वे. १९६६ नंतर दक्षिण मध्य. त्यानंतर मध्य रेल्वे. गाडी तीच, स्टेशने तीच, पण कागदावरचा धनी दर पिढीला बदललेला.

येथे संग्राहकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने तर अवश्य घ्यावी. वापरलेले तिकीट स्टेशनाबाहेर पडताना परत द्यावयाचे असे. नियम पाळला गेला की तिकीट गोळा होई, मोजले जाई आणि नष्ट होई. त्यामुळे आज जी जुनी तिकिटे आढळतात ती बहुतेक न विकलेली, किंवा ज्यांचा प्रवास काही कारणाने घडला नाही अशांची, किंवा तिकीट न देता निसटलेल्यांची असतात. शेअरचेही तेच. कंपनी नीट चालली, भाग विकला गेला, की दाखला कंपनीकडे परत जातो आणि रद्द होतो. कर्जरोख्याची मुदत भरून रक्कम मिळाली की रोखा परत. माळ्यावर उरतो तो बुडालेल्या, विसरलेल्या, अर्ध्यावर थांबलेल्या व्यवहाराचा कागद. ज्याने आपले काम पुरे केले तो कागद शिल्लक राहत नाही. म्हणून संग्रहातून काढलेला इतिहास हा नेहमीच अपयशाकडे थोडा कललेला असतो, आणि हा कल वजा करूनच त्याचे वाचन करावे लागते.

पुरे झालेल्या एका प्रवासाचे उदाहरण घेऊ. १९०१ च्या सुमारास साताऱ्याहून काही मुले गाडीत बसली. त्यांतला एक भीमराव आंबेडकर, वय नऊ-दहा वर्षांचे. वडील खजिनदाराच्या नोकरीवर कोरेगावी होते आणि त्यांनी मुलांना सुटीत बोलाविले होते. नवे इंग्रजी काटाचे कपडे, कशिद्याच्या टोप्या, प्रत्येकाकडे तिकीट. मसूर स्टेशनवर ती उतरली, गाडी गेली, नेण्यास कोणी आले नव्हते. मुले निघाल्याचे पत्र पोहोचले होते, पण चाकराने ते वडिलांच्या हाती दिलेच नव्हते. स्टेशनमास्तरने आधी चांगल्या कपड्यांवरून मुलांना ब्राह्मणाची समजून आस्थेने विचारपूस केली. जात कळताच त्याचा चेहरा बदलला आणि तो आत निघून गेला. गाडीवान दुप्पट भाड्यालाही मुलांबरोबर बसावयास तयार होईनात. अखेर मुलांनी बैलगाडी स्वतः हाकावी आणि गाडीवानाने बरोबर पायी चालावे, अशी तडजोड झाली. पुढे रात्रभर पाणी मिळविण्याचीही मारामार. आंबेडकरांनी हा प्रसंग १९३० च्या दशकाच्या मध्यास इंग्रजीत लिहिलेल्या आठवणींत सांगितला आहे. त्या पुस्तिकेच्या रूपाने १९९० मध्ये प्रसिद्ध झाल्या.

या प्रसंगाचे आमच्या विषयाशी नाते असे की सातारा ते मसूर या प्रवासात त्या मुलांना कोणी अडविले नाही. खिडकीवर पैसे दिले, तिकीट मिळाले, डब्यात जागा मिळाली. छापील क्रमांकाला जात नव्हती. आगगाडीने जात मोडली, असे जे आपल्याकडे एकोणिसाव्या शतकापासून मोठ्या उत्साहाने लिहिले गेले, त्याचा आधार हाच. पण मसूरच्या फलाटावर तिकिटाचा अंमल संपला आणि बैलगाडीचा सुरू झाला. बैलगाडीला तिकीट नव्हते, पावती नव्हती, म्हणून त्या दुसऱ्या प्रवासाचा कागद कुठल्याही संग्रहात नाही. तो त्यातल्या एका मुलाने तीसएक वर्षांनी लिहून ठेवला म्हणून आहे. मसूर स्टेशनचे एखादे जुने तिकीट हाती आले तर त्याची किंमत संग्राहक आद्याक्षरांवरून आणि कडांच्या स्थितीवरून ठरवील. आमच्यापुरते बोलायचे तर ते तिकीट पाहताना त्याच्या पलीकडील रस्ताच दिसत राहतो.

आता साताऱ्याच्या पेट्यांत खरोखर काय सापडते ते पाहू. आगगाडीचे भाग नव्हते, पण आगगाडीच्या काठाने उभे राहिलेल्या कारखान्यांचे होते. हे कारखाने नकाशावर मांडले तर ते जवळजवळ स्टेशनांची यादी होतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातील जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला. १९१० मध्ये तेथे वसाहत उभी राहिली आणि काही काळाने स्टेशननेच तिचे नाव घेतले. कुंडल रोड छापलेले तिकीट आणि किर्लोस्करवाडी छापलेले तिकीट शेजारी ठेवले तर महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाचे एक प्रकरण दोन पुठ्ठ्यांत मावते. ओगल्यांचा काचकारखाना १९१६ चा, कराड स्टेशनच्या आसपास; त्याच्या 'प्रभाकर' कंदिलाने निम्म्या महाराष्ट्राचा अभ्यास करून घेतला. सातारा रोड स्टेशनपाशी धनजीशा कूपर यांचा नांगरांचा आणि इंजिनांचा कारखाना. हेच कूपर १९३७ च्या एप्रिल ते जुलै या अवधीत मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. गणेश व्यंकटेश जोशींना जी भीती वाटत होती तिला या माणसांनी दिलेले हे उत्तर म्हणावे लागेल. रूळ विलायतेचे, पण त्यावर चढविलेला नांगर इथला.

किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली १९२० मध्ये. त्याच वर्षी 'किर्लोस्कर खबर' निघाले. आमच्या वाचकांना दुसरी घटना ठाऊक असते, पहिली नसते. पण या दोन्ही घटना आम्हांला एकाच हालचालीची दोन अंगे वाटतात. भांडवल मागावयाचे तर वाचक हवा, आणि माल खपवावयाचा तर भाषा हवी. कारखान्याचे माहितीपत्र म्हणून सुरू झालेले ते मासिक शंकरराव किर्लोस्करांच्या हाती वाङ्मयीन नियतकालिक झाले, त्याच्या मागोमाग १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' आले, आणि पश्चिम महाराष्ट्रातील एका माळावरच्या स्टेशनातून नव्या मराठी मध्यमवर्गाचे वाचन गाडीत चढू लागले. कंपनीचा भाग आणि मासिकाची वर्गणी ही दोन्ही एकाच घरात जाण्याचा संभव मोठा होता. मराठी नियतकालिकांचा अभ्यास करणाऱ्यांनी वर्गणीदारांच्या याद्यांबरोबर भागधारकांच्या याद्याही पाहाव्यात, अशी आमची सूचना आहे. १९१३ च्या कंपनी कायद्याने सभासदांचे नाव, पत्ता आणि व्यवसाय नोंदणे कंपन्यांना आवश्यक केले होते. वाचक म्हणजे कोण, या प्रश्नाला इतके नेमके उत्तर देणारे साधन साहित्याच्या इतिहासकाराला दुसरे क्वचितच मिळेल.

कारखान्यांच्या जोडीला पेढ्या. साताऱ्याचे अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ मध्ये वेस्टर्न इंडिया विमा कंपनी काढली आणि १९३६ मध्ये युनायटेड वेस्टर्न बँक. सांगली बँक १९१६ ची. यांचे भाग-दाखले रशियन रोख्यांसारखे देखणे नसतात: साधी किनार, कंपनीची मोहोर, दोन संचालकांच्या सह्या, महसुली तिकीट, पाठीमागे हस्तांतराच्या नोंदी. पण वाचावयाचे असते ते पाठीमागेच. भाग कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर गेला, केव्हा गेला, मृत्यूमुळे गेला की विक्रीने, पत्नीचे नाव पतीच्या मृत्यूनंतर लागले की आधीपासून होते: एका मध्यमवर्गीय कुटुंबाची तीन पिढ्यांची हकीकत त्या चार-सहा ओळींत असते. हे भाग घेणारे सट्टेबाज नव्हते. स्वदेशीच्या चळवळीने त्यांना शिकविले होते की आपला पैसा आपल्या गावातल्या संस्थेत घालणे हेही देशकार्य आहे; लाभांश मिळाला तर उत्तम.

त्या विश्वासाचा शेवट तीन तऱ्हांनी झाला. विमा कंपनी १९५६ च्या राष्ट्रीयीकरणात आयुर्विमा महामंडळात गेली. युनायटेड वेस्टर्न बँकेवर सप्टेंबर २००६ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या शिफारशीने निर्बंध आले आणि ३ ऑक्टोबरला ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. भागधारकांना दर भागामागे २८ रुपये रोख मिळाले. सांगली बँक एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये गेली. तेथे ९२५ भागांना नव्या बँकेचे १०० भाग असे प्रमाण ठरले. सहा-सात महिन्यांच्या आत सातारा आणि सांगली या दोन्ही शहरांच्या नावाची आणि कर्तृत्वाची बँक नाहीशी झाली. यात चूक कोणाची, थकलेली कर्जे किती, याची चर्चा झाली आहे आणि ती या लेखाच्या कक्षेबाहेरची. आम्हांला नोंद घ्यावयाची आहे ती एवढीच की रोख घेणाऱ्याने जुना दाखला परत केला की व्यवहार मिटला. आणि जे वृद्ध भागधारक, किंवा त्यांचे परगावी गेलेले वारस, काही न करता राहिले, त्यांच्याच पेट्यांत हे दाखले आज आढळतात.

याला जोड मिळाली कागदविरहित भागांची. १९९६ च्या कायद्याने भाग संगणकातल्या नोंदींत ठेवण्याची व्यवस्था झाली आणि १ एप्रिल २०१९ पासून नोंदणीकृत कंपन्यांच्या छापील भागांचे हस्तांतर बंद झाले. सात वर्षे लाभांश न उचललेले भाग सरकारी संरक्षण निधीकडे वर्ग होतात. वारसाला पुराव्यानिशी ते परत मागता येतात. त्यामुळे आजोबांच्या ट्रंकेत दाखला सापडला तर तो संग्राहकाची वस्तू आहे की वारसाची मिळकत, हे आधी ठरवावे लागते. जिवंत कंपनीचा दाखला चारपाचशे रुपयांना जुन्या बाजारात देऊन टाकणारे आहेत. आणि मेलेल्या कंपनीच्या दाखल्यावर लाखो रुपये येणे आहेत असे सांगून वृद्धांकडून 'खर्चाचे' पैसे उकळणारेही आहेत. दोन्हींवर उपाय एकच, आणि तो नीरस आहे: कंपनीचे आज काय झाले आहे ते नोंदणी दप्तरात पाहणे. तिसरा वर्ग सर्वांत मोठा: काही न पाहता किलोवर घालणारा. वाडा पाडून इमारत बांधताना पहिली जाते ती माळ्यावरची ट्रंक.

दाखला विकत घेणाऱ्या संग्राहकांविषयीही एक तक्रार नोंदवून ठेवतो. बाजारात किंमत येते ती प्रसिद्ध सहीला आणि चित्राला. म्हणून एकाच घराचे बाड फोडून त्यातला एक सुंदर कागद घेतला जातो आणि बाकीचे, म्हणजे अर्ज, पावत्या, वार्षिक सभेच्या सूचना, लाभांशाची पाकिटे, टाकून दिले जातात. खऱ्यांनी पटवर्धनी दप्तरातले फक्त देखण्या शिक्क्यांचे कागद घेतले असते तर काय झाले असते, याची कल्पना करावी. बाड एकत्र राहिले तरच ते साधन असते.

काही घटनांचा मात्र कागदच होऊ शकत नाही. ७ जून १९४३ रोजी शेणोली येथे, कराड आणि किर्लोस्करवाडी यांच्या दरम्यान, प्रतिसरकारच्या तुफान सेनेने पुण्याहून मिरजेकडे पगाराची रक्कम नेणारी गाडी अडविली आणि रक्कम ताब्यात घेतली. रेल्वेचा हिशेब पावतीवर चालतो. या रकमेची पावती कोणी दिली नाही आणि कोणी मागितलीही नाही. तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र लाड, २०२२ पर्यंत हयात होते आणि कुंडलला भेटावयास येणाऱ्यांना ती हकीकत सांगत. किर्लोस्करांचा कारखाना, प्रतिसरकारचे ठाणे आणि आगगाडीचे स्टेशन ही तिन्ही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती, हे नकाशा पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून तो वेगळा काढला आणि १९६० मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. त्यामुळे जुन्या कागदांवर 'जिल्हा सातारा' वाचून कुंडल किंवा तासगाव साताऱ्याच्या संग्रहात टाकून देण्याची गल्लत वारंवार होते.

पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग १९७१ च्या सुमारास रुंद झाला. त्यानंतर बरीच वर्षे मिरज हे असे जंक्शन होते की जेथे तिन्ही मापांचे रूळ एका ठिकाणी येत: पुण्या-कोल्हापूरकडे रुंद, लोंढ्याकडे मीटर, आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे बार्शी लाइटची अडीच फुटी. नव्वदीच्या दशकात मीटर गेली. अडीच फुटीची पंढरपूर-मिरज बाजू २०१० च्या सुमारास रुंद झाली. या तिसऱ्या मार्गावरच्या, मिरजेहून कवठे महांकाळ किंवा सांगोल्याकडच्या पुठ्ठ्याच्या तिकिटांचा शोध आमचा अद्याप चालू आहे. सांगली-मिरजेच्या जुन्या घरांत, गाथेच्या किंवा ज्ञानेश्वरीच्या पानांत खूण म्हणून ती घातलेली असण्याचा संभव अधिक. वारीहून परतलेला माणूस दुसरे काय करील? पोथ्या काढताना पाने झटकू नयेत, एकेक उलटून पाहावीत.